गोष्टींतील जिजाबाई व कागदांतील जिजाबाई

मराठी मुलांसाठीं लिहिलेलें कोणतेंहि शिवचरित्र उघडावें. पहिल्या पांचदहा पृष्ठांत एक प्रसंग हटकून यावयाचाच. समई तेवत आहे, बाळ शिवाजी आईच्या मांडीशीं बसला आहे आणि जिजाबाई त्यास रामाच्या, कृष्णाच्या, भीमाच्या, अभिमन्यूच्या गोष्टी सांगत आहेत. १९७० सालापासून महाराष्ट्रांतील चौथीच्या मुलांच्या हातीं आलेल्या ‘शिवछत्रपती’ या पाठ्यपुस्तकानें हा प्रसंग घरोघर नेला. परंतु बालवाङ्मयांत तो त्याच्या पुष्कळ आधींपासून रूढ होता. या प्रसंगास समकालीन आधार किती, आणि आधार तोकडा असेल तर प्रसंग आला कोठून, याचा विचार या टिपणांत करावयाचा आहे. मुलांच्या पुस्तकांचा विषय म्हणून संशोधक याकडे सहसा वळत नाहींत. पण जिजाबाईंचें माहेर सिंदखेड राजा हें आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतलें. तेव्हां आम्हांस तरी हा विषय परका म्हणून सोडून देतां येत नाहीं.

विचारास कारण झालें तें एका मुलीचें. नोकरीच्या पहिल्या वर्षांत प्रस्तुत लेखकाकडे चौथीचा वर्ग होता. वर सांगितलेला पाठ चालला असतां सिंदखेडकडच्या एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, जिजाऊच्या मायनं तिला कोणत्या गोष्टी सांगितल्या?” पुस्तकांत नाहीं तें विचारूं नये, असें सांगून मीं तिला खालीं बसविलें. त्या वेळीं मला संस्कृताचा थोडाबहुत अभिमान होता आणि चौथीच्या मुलीचा प्रश्न हा प्रश्न वाटला नाहीं. आतां सेवानिवृत्तीनंतर साधनें पुन्हा चाळतांना ध्यानांत येतें कीं, त्या पाठावर विचारतां येण्यासारखा खरा प्रश्न तोच होता.

प्रथम कागद पाहूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. तींत जिजाबाई आहेत, पुणें परगणा आहे, दादोजी कोंडदेव आहेत. मांडीवर मूल घेऊन गोष्ट सांगणारी आई मात्र नाहीं. सभासदाचें लक्ष गड, लष्कर आणि कारभार यांकडे होतें, त्यामुळें त्याच्या मौनाचा फार मोठा अर्थ करूं नये. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या पदरचा कवि. त्याचें ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाडे यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत जिजाबाई एका पद्यांत येतात त्या शहाजीराजांस शोभणारी पत्नी म्हणून, जाईच्या फुलाच्या उपमेनें. वतनाच्या व इनामाच्या तंट्यांतील पत्रांत त्या येतात त्या आज्ञा करणाऱ्या आऊसाहेब म्हणून. पत्नी सांपडते, कारभारीण सांपडते. कथा सांगणारी सांपडत नाहीं.

राहिला परमानंद. कवींद्र परमानंद नेवासकर यांचें ‘शिवभारत’ हें संस्कृत काव्य तंजावरच्या पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं मराठी भाषांतरासह १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. शिवाजीमहाराजांच्या हयातींतला हा ग्रंथ, आणि बालपणाचें सविस्तर वर्णन करणारा. येथें तरी आई गोष्ट सांगतांना दिसेल अशी आशा धरून मीं तीं पृष्ठें वाचलीं. बाललीला आहेत, अक्षरें गिरवावयास बसविल्याचा आणि शिकविणारास शिष्याच्या बुद्धीचें नवल वाटल्याचा प्रसंग आहे, आत्मसात् केलेल्या विद्यांची लांबलचक यादी आहे व तींत भारत-रामायणहि आहेत. परंतु संस्कृत काव्याची संवय असलेल्या वाचकास हें वर्णन कोणत्या टांकसाळींत पडलें हें ओळखावयास वेळ लागत नाहीं. चरित्रनायक विष्णूचा अंश, म्हणून बाललीला गोकुळांतल्या. नायक राजपुत्र, म्हणून विद्यांची यादी महाकाव्यांतल्या राजपुत्राची. परमानंदानें असत्य लिहिलें असें मी म्हणत नाहीं. मुलाचें वर्णन करावयाचें म्हटल्यावर त्याच्या हातीं जें घरचें होतें तें त्यानें वापरलें; आणि त्याचें घर म्हणजे भागवत आणि काव्यपरंपरा. अडीचशें वर्षांनंतरच्या बाललेखकांनींहि हेंच केलें. त्यांचें घर निराळें, एवढाच काय तो फरक.

कथाश्रवणाची आवड ही मात्र निराधार नाहीं. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत महाभारत, रामायण व भागवत यांतील पराक्रम हा तरुण शिवाजीचा आनंद होता, आणि कथेची गोडी पुढें इतकी राहिली कीं एकदां त्यापायीं त्यानें मोठें संकट ओढवून घेतलें, असें सांगितलें आहे. पण या शिक्षणाचें श्रेय डफ देतो दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीस. ती कथाहि देवळांतली, हरिदासाची, चारचौघांत बसून ऐकावयाची. डफच्या ग्रंथाचें मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नांवानें शाळांतून पुष्कळ दिवस चाललें, तेव्हां इंग्रजी अंमलांतील पहिल्या पिढ्यांनीं शिवाजी वाचला तो बहुतांशी या वाटेनें. पुढें १९०० सालीं न्यायमूर्ति रानडे यांचा मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथ निघाला. थोर पुरुषांच्या थोरवीचें मूळ आईच्या प्रेरणेंत असतें हें खरें असेल तर शिवाजीच्या घडणींत जिजाबाईंचा वांटा अग्रस्थानींचा मानला पाहिजे, असा रानड्यांचा अभिप्राय. १८२६ ते १९०० या काळांत गोष्ट देवळांतून ओटीवर, ओटीवरून माजघरांत आली आणि हरिदासाच्या जागीं आई बसली.

हें स्थित्यंतर कशानें झालें? या मधल्या काळांत नवा कागद सांपडला म्हणून झालें नाहीं. माझ्या मतें हीं वर्षें मराठींत मुलांसाठीं लिहिणारा लेखक तयार होण्याचीं वर्षें होत, आणि उत्तर तेथें शोधलें पाहिजे. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ सालीं निघालें. वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ सालीं. या पिढीचे लेखक इंग्रजी शाळेंत शिकले होते, पण गोष्ट ऐकावयास ते शाळेंत गेले नव्हते. गोष्ट त्यांनीं ऐकली ती आईच्या नाहींतर आजीच्या तोंडून. श्रावणांत भिंतीवर जिवतीचा कागद लागला कीं घरांतली वडील बाई मुलांच्या मुठींत अक्षता देऊन वाराची कहाणी सांगे. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडावयाची नाहीं. आमच्या वऱ्हाडांत ही चाल मीं स्वतः अनुभवलेली आहे आणि घामानें ओल्या झालेल्या त्या अक्षता अजून तळहातास आठवतात. असा मनुष्य शिवाजीचें बालपण लिहूं लागला व कागदांनीं त्यास कांहीं दिलें नाहीं, म्हणजे तो कोठें जाणार? आपल्या आईकडेच. शिवनेरीच्या माजघरांत जी समई तेवते ती लेखकाच्या घरची आहे.

ही उसनवारी उघडपणें करणारा लेखक एकच आठवतो. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत लिहिली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. पालगडचें आपलें घर, आपली आई, घरास आलेलें दारिद्र्य हें सर्व त्यांनीं स्वतःचें म्हणूनच मांडलें. नांव तेवढें पांडुरंगाचें श्याम केलें. रात्री आश्रमांतील मित्र जमतात आणि श्याम सांगतो, ही रचनाहि कहाणीचीच. ज्यास आपली आई सांगावयाची आहे त्यानें ती अशी सांगावी. पुढच्या पुष्कळ बालशिवचरित्रांतील जिजाबाई मला सिंदखेडच्या जाधवरावांची कन्या न वाटतां श्यामच्या आईची थोरली बहीण वाटते: सोशिक, मृदु, देवभोळी, व्रतस्थ. हा माझा ग्रह असेल. परंतु एकामागून एक पुस्तकें वाचतां तो दृढच होत गेला.

सिंदखेडचें नांव बालवाङ्मयांत येतें तें बहुधा एकाच प्रसंगापुरतें. रंगाचा सण, लखुजी जाधवरावांचा वाडा, मालोजी भोसले लहानग्या शहाजीस घेऊन आलेले, मुलांनीं एकमेकांवर गुलाल टाकला, ‘जोडा चांगला शोभतो’ असें लखुजी सहज बोलून गेले आणि मालोजींनीं तोच शब्द धरला. ही कथा बखरींत आहे, आणि ग्रँट डफनें ती १५९९ च्या होळीची म्हणून दिली आहे. आज सर्वत्र पाळली जाणारी जिजाबाईंची जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ ही. म्हणजे त्या होळीस त्यांचें वय सव्वा वर्षाच्या आंतलें ठरतें. एवढ्या मुलीनें मूठ भरून गुलाल टाकावा हें कठीण. डफचें साल चुकलें म्हणावें, जन्मतारखेस बळकट आधार मागावा, किंवा सगळाच प्रसंग बखरकाराच्या सणावाराच्या आवडीचा मानावा. निर्णय कांहींहि झाला तरी आमच्या जिल्ह्यांतील शाळांच्या संमेलनांत हा गुलाल दरवर्षी उधळला जाणार, आणि उधळला जावा. मुलांस तो आवडतो.

पण याच सिंदखेडच्या घराण्याचा जो प्रसंग बखरी, शिवभारत, शकावली आणि मोगली तवारिखा या सर्वांस ठाऊक आहे तो मुलांच्या पुस्तकांत एका ओळींत उरकलेला असतो, किंवा मुळींच नसतो. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत लखुजी जाधवराव मारले गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेहि मारले गेले. जिजाबाईंचा बाप, दोन भाऊ आणि भाचा एका दिवशीं गेले. म्हाळसाबाई मागें राहिल्या. वांचलेल्या जाधवांनीं मोगलांची चाकरी धरिली. शहाजीराजांनींहि त्यानंतर निजामशाही सोडून कांहीं काळ मोगलांकडचा रस्ता धरला.

येथें तिथींचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. शिवजन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तेथून पौर्णिमा मोजीत मागें गेल्यास २५ जुलै १६२९ ही श्रावणी पौर्णिमा येते. श्रावणी पौर्णिमेपासून फाल्गुन वद्य तृतीयेपर्यंत सात चांद्रमास व तीन दिवस. माहेर कापलें गेलें त्या वेळीं शिवाजी जिजाबाईंच्या पोटांत होता.

जुन्या बाललेखकांस हें दिसलें नाहीं याबद्दल त्यांस दोष देतां येत नाहीं. त्यांच्यापुढें जन्माचें साल १६२७ होतें. त्या हिशेबानें लखुजींच्या वधाच्या वेळीं मूल दोन वर्षांचें होतें. जेधे शकावली १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केली आणि शके १५५१ ची मिति पुढें आली. शिवभारतानें तिला पुष्टि दिली. तरीहि वाद पुष्कळ वर्षें चालला, आणि महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणें स्वीकारली ती २००१ सालीं. तारीख बदलली, पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत ती दुरुस्तहि झाली. पण तारीख बदलल्यानें शेजारच्या दोन घटनांचें नातें बदलतें याकडे लक्ष गेलें नाहीं. आकडा खोडून दुसरा आकडा बसविला म्हणजे काम झालें, असें कांहींसें झालें.

श्रावणी पौर्णिमा म्हटल्यावर राखी आठवते, आणि दोन भाऊ त्याच दिवशीं मारले गेले हें लिहितांना लेखणी त्या दिशेस ओढ घेते. ती आवरली पाहिजे. त्या काळीं जाधवांच्या घरांत ही चाल कशी होती, होती कीं नव्हती, याचा पुरावा माझ्यापाशीं नाहीं. मी येथें राखी बांधली तर बाललेखकानें समई लावली त्याहून माझें कृत्य निराळें होणार नाहीं. माझ्यापाशीं टिपणाचा आव असल्यामुळें तें अधिकच सदोष होईल.

दुसरी गोष्ट खंडागळे याच्या हत्तीची. दरबार सुटतांना हत्ती बिथरला, त्यावरून जाधव व भोसले यांच्यांत हत्यार चाललें. लखुजींचा मुलगा दत्ताजी हा संभाजी भोसले याच्या हातून पडला. संभाजी हा विठोजींचा मुलगा, शहाजीराजांचा चुलत भाऊ. मुलाचा सूड म्हणून लखुजींनीं संभाजीस मारलें, आणि आड आलेले शहाजीराजेहि त्यांच्या हातून जखमी झाले. भाऊ दिराच्या हातून मेला, दीर बापाच्या हातून मेला, नवरा बापाच्या हातून जखमी झाला. शिवभारतांत हा प्रसंग तपशिलानें आला आहे. मुलांच्या पुस्तकांत हत्ती येतो, क्वचित् चित्रहि येतें. पण या सगळ्याच्या मध्यें उभी असलेली बाई तेथें नसते. जिजाबाईंनीं मुलास भारताच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर कुरुक्षेत्र त्यांस पोथींतून समजून घ्यावें लागलें नसावें. (हेंहि अनुमानच. वाचकांनीं तें माझ्या खात्यावर मांडावें, साधनांच्या नव्हे.)

बाललेखकांनीं हें कां टाळलें तें समजण्यासारखें आहे. रक्तपात मुलांस सांगूं नये ही एक सबब. पण अफझलखानाचा वध सविस्तर सांगणारास ती शोभत नाहीं. खरें कारण असें दिसतें कीं, लेखकाच्या स्वतःच्या घरांतली आई माहेराबद्दल फारसें बोलत नसे. सासरीं आलेल्या स्त्रीनें माहेर मनांत ठेवावयाचें, मुलांस सांगावयाच्या त्या देवांच्या आणि सासरच्या पूर्वजांच्या गोष्टी, ही घरोघरची रीत. लेखकानें आपल्या आईचा गोडवा जसा जिजाबाईंस दिला, तसें तिचें मौनहि दिलें. त्या मुलीनें मायेच्या मायेविषयीं विचारलें तें नेमकें या मौनावर बोट ठेवणारें होतें, आणि मीं तिला गप्प बसविलें.

आतां संग्राहकांस उद्देशून थोडें. आम्ही पोथ्या जमविणारे लोक रुमाल सोडला कीं प्रथम काय करतों? देवनागरी गोमटें अक्षर, शके, लेखकाचें नांव, ग्रंथाचें नांव पाहतों. तळाशीं असलेलें फाटकें बाड, बायकांचीं गाणीं, कहाण्या, पाळणे, मुलांच्या उजळणीच्या वह्या बाजूस काढतों, आणि बाजूस काढलेलें पुन्हा आंत जात नाहीं. माझ्या आईनें निळ्या शाईनें लिहिलेली एक वही होती. तींत कहाण्या होत्या आणि तिच्या माहेरच्या, लोणारकडच्या, आठवणी होत्या असें बहीण सांगते. घरांतल्या पोथ्यांची यादी करतांना अमरकोशाच्या दोन प्रती आणि एक खंडित रघुवंश मीं कापडांत बांधून ठेविले व ती वही रद्दींत घातली. अमरकोशाच्या प्रती महाराष्ट्रांत किती असतील याचा हिशेब करणें नको. त्या वहीची प्रत दुसरी नव्हती.

सिंदखेड, देऊळगांव राजा, मेहकर, लोणार या टापूंत जुन्या घराण्यांचे वाडे अजून उभे आहेत. त्यांतील कागद वतनाच्या कामापुरते पाहिले गेले, कांहीं छापलेहि गेले. ज्या घरांत जाधवांच्या लेकी दिल्या आणि ज्या घरांतून जाधवांकडे सुना आल्या त्या घरांतील बायकांच्या हातचें किंवा तोंडचें कांहीं टिकलें आहे काय, याची विचारपूस अशा हेतूनें व्हावयाची आहे. पाळणा, ओवी, उखाणा, कुळाचाराची टीप, काय मिळेल तें. तीनशें नव्वद वर्षांमागची वार्ता त्यांत जशीच्या तशी सांपडेल असा भ्रम मला नाहीं. पण माहेरची गोष्ट मुलीकडून मुलीकडे कशी जाते, तिच्यांत काय टिकतें व काय गळतें, एवढें तरी त्यावरून पाहतां येईल.

गेल्या पावसाळ्यांत नातीस घेऊन सिंदखेडास गेलों होतों. मोतीतलाव पाहिला, राजवाड्याच्या दरवाजांतून आंत गेलों, आणि लखुजींच्या समाधीच्या पायरीवर बसलों. दगडी इमारत, वर घुमट, आंत काळोख. मुलीस ती मंदिर वाटली. मंदिर नव्हे, येथें जिजाऊच्या बापाची समाधि आहे, असें सांगून मीं तिला दौलताबादची हकीकत, वर लिहिली तेवढीच, पदरचा शब्द न घालतां सांगितली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “आबा, हे तिनं शिवाजीला सांगितलं होतं का?” मीं म्हटलें, तसा कागद नाहीं. त्यावर ती म्हणाली, “मग तुम्हाला वाटतं का, सांगितलं असंल?” घरीं आल्यावर तिच्या वहींत दोन्ही प्रश्न तिच्याच अक्षरांत लिहवून घेतले व खालीं तारीख घातली.